डोंगरातले विहार, गडावरचे वाडे

डोंगरातले बौद्ध विहार आणि जुने राजवाडे एका दिवसात पाहायचे म्हटले की लोक लडाख-सिक्कीमची तिकिटे काढतात. आम्हा शिरोलीकरांना त्यासाठी सकाळी लवकर मोटारसायकल बाहेर काढली तरी पुरते. जोतिबाच्या डोंगराच्या कुशीत पोहाळ्याची लेणी आहेत आणि तिथून पुढे पन्हाळा. गेल्या हिवाळ्यात मी असा एक दिवस काढला.

बरोबर एक जुने स्नेही होते. शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत मोल्डर म्हणून त्यांचे आयुष्य गेले. मूळ गाव माणगावच्या बाजूचे. मार्च 1920 मध्ये ज्या माणगावच्या परिषदेत राजर्षी शाहू महाराजांनी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाचे जाहीर स्वागत केले, तेच माणगाव. 1956 च्या धर्मांतरानंतर यांच्या घरात बुद्धवंदना आली.

पोहाळ्याला मधे मोठे दालन, भोवती भिक्खूंच्या लहान खोल्या आणि शेजारी स्तूपाचे चैत्यगृह आहे. पावसाळ्याचे महिने भिक्खूंनी एका जागी राहावे, असा बुद्धकाळापासूनचा नियम. आमच्या भागातला पाऊस ज्याने पाहिला आहे, त्याला या खोल्यांचे मोल वेगळे सांगायला नको. लेणी रानात असली तरी जगापासून तुटलेली नव्हती. कोकणातल्या बंदरांवरून घाट चढून येणारा माल याच मुलखातून देशावर जाई. कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर 1940 च्या दशकात पोसायडन या समुद्रदेवतेची छोटी ब्राँझ मूर्ती सापडली, ती थेट रोमन जगातून आलेली. टाऊन हॉलच्या संग्रहालयात तिचे नाव आजही निघते.

स्नेह्यांनी स्तूपापुढे हात जोडले, वंदना म्हटली. मी चप्पल काढून बाजूला उभा राहिलो. मग त्यांनी खांबावरून हात फिरवला आणि म्हणाले, ‘‘भाई, आमचं काम सोपं. साचा करायचा, रस ओतायचा. कास्टिंग बाद झालं तर परत भट्टीत. ह्यांचं तसं न्हाई. डोंगरातनं एक ढलपी जादा निघाली, तर ती परत बसवायची कुठनं?’’

हे वाक्य दिवसभर माझ्याबरोबर राहिले.

पन्हाळ्यावर पोहोचेपर्यंत ऊन चढले होते. हा गड शिलाहार राजा भोज, बहामनी, आदिलशाही आणि मराठे अशा अनेकांचा. तीन दरवाजावर फार्सी शिलालेख आहे. लहानपणी मदरशात अक्षरओळख झाली असल्याने एखाददुसरे अक्षर लागते, अर्थ लागत नाही. आदिलशाही बांधणीच्या सज्जा कोठीतून खालचे खोरे दिसते. अंबरखान्यात गंगा, यमुना, सरस्वती अशी धान्याच्या कोठारांची नावे. महाराणी ताराबाईंनी इथूनच कोल्हापूरच्या गादीचा कारभार पाहिला. त्यांच्या वाड्यात पुढे शाळा भरू लागली. आणि मराठीतले पंडित कवी मोरोपंत 1729 मध्ये याच गडावर जन्मले. मराठीत चार ओळी लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला हे तीर्थच.

1660 च्या वेढ्याची गोष्ट आपण शाळेत शिकतो. वेढा घालणारा सिद्दी जौहर सगळ्यांना ठाऊक असतो. पण हा वेढा फोडण्यासाठी शिवाजी महाराजांच्या बाजूने जे धावून आले, त्यांत नेताजी पालकरांबरोबर सिद्दी हिलाल होता आणि त्या झटापटीत त्याचा तरुण मुलगा जखमी झाला. हे नाव मुलांना माहीत नसते.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटले, त्यात पन्हाळा आहे. आनंद झाला. पण त्याच्याच आदल्या वर्षी, 14 जुलै 2024 रोजी, विशाळगडाच्या वाटेवर गजापुरात घरे फोडली गेली, मशिदीची नासधूस झाली. गडावरच्या अतिक्रमणाचा प्रश्न कायद्याने सुटायचा होता. ज्यांची घरे फुटली ती माणसे गडाच्या खाली राहत होती. तेव्हापासून गडावर जाताना माझ्या बायकोचा एकच प्रश्न असतो, ‘‘एकटे जाणार नाही ना?’’ हा प्रश्न पूर्वी आमच्या घरात नव्हता.

वारसा म्हणजे पाटी नव्हे. लेण्यांना कुणी पांडवांची म्हणो, कुणी बुद्धाची. कोरणाऱ्याने आपले नाव मागे ठेवलेले नाही, दगडातली जागा ठेवली, तीही पावसात भिजणाऱ्या माणसासाठी. गडाचे धनी बदलत गेले तरी नव्या धन्याने जुने कोठार पाडले नाही, त्यात आपले धान्य भरले. कारण पोट सर्वांनाच होते.

माझे स्नेही म्हणाले तेच खरे. लोखंड पुन्हा वितळवता येते. दगडाची ढलपी आणि शेजाऱ्याचा विश्वास, दोन्ही एकदा उडाले की परत बसवायला साचा नाही. म्हणून छिन्नी चालवणाऱ्याचा हात जसा जपून चालत असे, तसा आपलाही चालावा.