आकाशांतला मंगळ आणि पत्रिकेंतला मंगळ

(आटपाडी येथें २४ सप्टेंबर रोजीं झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजची तारीख ध्यानांत घ्या. २४ सप्टेंबर १८७३ रोजीं जोतीराव फुल्यांनीं पुण्यास सत्यशोधक समाज स्थापन केला. त्याच तारखेस, १४१ वर्षांनीं, म्हणजे २४ सप्टेंबर २०१४ रोजीं आपल्या देशाचें यान मंगळाभोंवतीं फिरूं लागलें. ५ नोव्हेंबर २०१३ ला तें श्रीहरिकोट्याहून सुटलें होतें. खर्च सुमारें साडेचारशें कोटि रुपये. सहा महिने चालावें म्हणून बनविलेलें तें यंत्र २०२२ पर्यंत चाललें. दोन तारखा जुळल्या हा योगायोग झाला. त्यांत मी कसलाहि ग्रहयोग पाहत नाहीं. (हंशा)

परंतु मंगळाचें नांव काढलें म्हणजे आपल्या घरांत यान आठवत नाहीं, मुलीची पत्रिका आठवते. म्हणून आकाशांतला मंगळ कसा आहे, तेथें माणूस राहूं शकेल कीं नाहीं, हें मी आधीं सांगतों. पत्रिकेंतल्या मंगळाचा समाचार मागाहून घेऊं.

मंगळ आपल्या पृथ्वीच्या निम्म्याएवढ्या रुंदीचा गोळा आहे. त्याचा दिवस आपल्यापेक्षां चाळीसएक मिनिटांनीं मोठा, आणि वर्ष ६८७ दिवसांचें, म्हणजे पाडव्यापासून पाडवा साडेबावीस महिन्यांनीं. त्याची ओढ कमी. येथें शंभर किलोचें ज्वारीचें पोतें तेथें अडतीस किलोच्या पोत्यासारखें उचलेल. तो लाल कां दिसतो हें लोहारदादांना सांगावयास नको. पावसांत पडलेला नांगराचा फाळ चार दिवसांनीं ज्या रंगाचा होतो, तोच हा रंग. तेथल्या मातींत लोखंड आहे आणि तें गंजलेलें आहे.

थंडी म्हणाल तर सरासरी उणे साठ अंश. मध्यभागीं उन्हाळ्याच्या दुपारीं पारा वीस अंशांपर्यंत चढतो, आणि त्याच रात्रीं उणे सत्तरच्या खालीं उतरतो. पण थंडीला माणूस घोंगडें पांघरील, शेकोटी करील. खरी अडचण हवेची. आपल्या हवेच्या मानानें तेथली हवा शंभरावा हिस्साहि नाहीं, आणि जी आहे तिच्यांत शंभरांत पंचाण्णव भाग कार्बन डायॉक्साइड, म्हणजे आपण श्वासावाटे बाहेर टाकतों तो वायु. प्राणवायु हजारांत एक-दोन भाग. तेथें शेकोटी पेटावयाची नाहीं, आणि उघड्यावर उभा राहिलेला माणूस कांहीं क्षणांत बेशुद्ध पडेल. हवा इतकी विरळ कीं पाण्याचें भांडें उघड्यावर ठेवलें तर तें चुलीवांचून उकळूं लागेल.

मग पाणी नाहींच कां? आहे, पण तें गोठलेलें. दोन्ही ध्रुवांवर बर्फाच्या टोप्या आहेत. २००८ मध्यें अमेरिकेच्या फिनिक्स नांवाच्या यंत्रानें उत्तरेकडे माती उकरली तों बोटभर खोलीवर पांढरा बर्फ लागला, आणि उघडा पडलेले तुकडे चार दिवसांत हवेंत उडून गेले. तेथें जुन्या नद्यांचीं कोरडीं पात्रें आहेत, गाळ सांचलेलीं मुखें आहेत. उन्हाळ्यांत माणगंगेच्या पात्रांतून जो चालत गेला आहे त्याला तें चित्र निराळें समजावून देण्याची गरज नाहीं. फरक एवढाच कीं माणगंगेला पुढच्या मृगाची आशा असते. मंगळावरच्या त्या नद्या आटून तीनशें कोटि वर्षें होऊन गेलीं.

त्या आटल्या कशा? मंगळ लहान, म्हणून त्याच्या पोटांतली आंच लवकर निवाली. त्या आंचेमुळें ग्रहाभोंवतीं लोहचुंबकाचें जें कवच असतें तें गेलें. सूर्यापासून सदोदित सूक्ष्म कणांचा वारा सुटलेला असतो. कवच गेल्यावर त्या वाऱ्यानें हळूहळू हवा उडवून नेली. गोठ्याचें छप्पर उडाल्यावर आंतल्या वैरणीचें जें होतें तें पाण्याचें झालें.

येथें एक जुनी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाहीं. १८७७ मध्यें इटलीच्या शियापारेल्ली नांवाच्या ज्योतिर्विदाला दुर्बिणींतून मंगळावर रेघा दिसल्या. त्यानें आपल्या भाषेंत त्यांना 'चर' अशा अर्थाचा शब्द वापरला. इंग्रजींत जातांना त्याचे 'कालवे' झाले! पुढें पर्सिव्हल लोवेल नांवाच्या श्रीमंत अमेरिकनानें १८९४ मध्यें पदरच्या पैशानें वेधशाळा बांधली आणि पुस्तकांवर पुस्तकें लिहून सांगितलें कीं, मंगळ वाळत चालला आहे, म्हणून तेथल्या शहाण्या लोकांनीं ध्रुवावरचें पाणी कालव्यांनीं शेतांपर्यंत नेलें आहे. पुष्कळांना तें पटलें. १९६५ च्या जुलैंत मरीनर-४ हें यान जवळून गेलें आणि त्यानें फोटो धाडले. कालवा नाहीं, शेत नाहीं, नुसते खळगे.

लोवेलच्या मंगळावर सर्वांना पाणी पोंचत होतें, तेंहि न भांडतां. इकडे कृष्णेचें पाणी या दुष्काळी मुलुखांत यावें म्हणून नागनाथअण्णा नायकवडी आणि डॉ. भारत पाटणकर यांच्यासारख्यांना बरोबर घेऊन याच आटपाडींत १९९३ पासून पाणी परिषदा भरवाव्या लागल्या. टेंभूजवळ नदींतून उपसलेलें पाणी टप्प्याटप्प्यानें डोंगर चढून येतें, तें कोणाच्या कल्पनेंतून आलेलें नाहीं.

आतां शेतीचा विचार करूं. मंगळावर ऊन आपल्या निम्म्याहून कमी. मातींत पर्क्लोरेट नांवाचा क्षार शेंकड्यास अर्धा ते एक भाग आहे. तो पोटांत गेला तर गळ्यांतील ग्रंथीला अपाय करतो. आपल्या डाळिंबाचें रोप काटक खरें, पण तेंहि तेथें उघड्यावर एक रात्र काढणार नाहीं. बंद कांचघर, आंत ऊब, धुतलेली माती, वितळविलेला बर्फ, एवढें जमविलें तर भाजीपाला होईल. म्हणजे माती धुण्यासाठींच आधीं पाणी पाहिजे!

आणि श्वासाचें काय? २०२१ मध्यें उतरलेल्या पर्सिव्हिअरन्स गाडीवर एक पेटी होती. तिनें मंगळाच्याच हवेंतून प्राणवायु काढून दाखविला. ही मोठी विद्या, तिचें कौतुक केलेंच पाहिजे. पण दोन वर्षांत सोळा वेळां चालवून तिनें काढला किती? १२२ ग्रॅम. एका माणसाला दिवसाला आठशेंहून अधिक ग्रॅम लागतो. म्हणजे साडेतीन तासांची बेगमी. पेटी लहान होती, मोठी करतां येईल. पण तिला वीज, दुरुस्ती आणि सुटे भाग लागणार, ते पृथ्वीवरून जाणार. प्रवास सातआठ महिन्यांचा, आणि वाट दर २६ महिन्यांनीं एकदां सोयीची होते. वाटेंत आणि तेथें घातक किरणांचा मारा, त्याला आडोसा म्हणून जमिनींत बिळें करून राहावें लागणार.

तेव्हां माझें उत्तर असें आहे. थोडीं शिकलेलीं, निवडक माणसें कांहीं महिने, कदाचित् कांहीं वर्षें, तेथें बंद घरांत तग धरतील. तें पुढेंमागें होईलहि. पण ज्याला आपण नांदणें म्हणतों तें तेथें नाहीं. आपल्या खानापूर-आटपाडीचे गलाईवाले सोनेंचांदी गाळावयास हिंदुस्थानभर गेले. भाषा परकी, अन्न परकें, तरी ते टिकले. कारण जेथें गेले तेथें हवा फुकट होती आणि आडाला पाणी होतें. मंगळावर गेलेल्याला पहिला श्वाससुद्धां विकत घ्यावा लागेल.

आणि विकणारे तयार आहेत. अमेरिकेचे इलॉन मस्क हे धनिक मंगळावर दहा लाखांचें शहर वसविण्याची भाषा करतात. त्यांच्या कंपनीचीं अग्निबाणें खरींच नांवाजण्याजोगीं आहेत. हॉलंडच्या मार्स वन या मंडळीजवळ मात्र अग्निबाण नव्हतेच. परत न येण्याच्या बोलीवर माणसें नेतों म्हणून त्यांनीं फी घेऊन अर्ज मागविले, आपल्या देशांतूनहि पुष्कळांनीं केले, आणि २०१९ मध्यें कंपनीचें दिवाळें निघालें. समजा शहर वसलें, तर प्राणवायूच्या यंत्राची किल्ली कोणाच्या कमरेला असेल? पाण्याची पाळी ज्याच्या हातीं, गांव त्याच्या हातीं, हें आपण भोगलें आहे. तेथें तर पाळी श्वासाची. अशा गांवांत संप कसा करावयाचा तें मला सांगा.

हा झाला शेटजींचा मंगळ. आतां भटजींचा पाहूं. भटजी म्हणतांना मी जातीचा विचार करीत नाहीं, धंद्याचा करतों. आज मंगळाची शांत करणारे सर्व जातींत निघाले आहेत, आपल्यांतहि आहेत.

पत्रिकेंत घरें बारा. पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरीं मंगळ आला कीं मुलगी 'मंगळाची'. बारांतून पांच घरें वाईट. आटपाडीच्या बाजारांत शंभर जण उभे केले तर हिशेबानें बेचाळीसएक मंगळाचे निघतील. इतक्यांच्या संसारांवर खरेंच अरिष्ट असतें तर एकहि आळी धड राहिली नसती. मग परिहार काढले: मंगळाला मंगळ चालतो, अमुक शांत केली कीं चालतो. रोगहि त्यांनींच सांगावयाचा, औषधहि त्यांनींच विकावयाचें. आणि सहसा मुलाची पत्रिका कोणी एवढ्या बारकाईनें पाहत नाहीं. मुलीचीच उलटीसुलटी होते.

याची परीक्षा कोणी केली कीं नाहीं? केली. कोल्हापुरांत जन्मलेले ज्योतिर्विद डॉ. जयंत नारळीकर, साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००८ मध्यें दोनशें मुलांच्या पत्रिका जमविल्या. शंभर मुलें हुशार, शंभर मतिमंद. प्रत्येक ज्योतिष्याला चाळीस पत्रिका देऊन विचारलें, यांतलीं हुशार कोणतीं तें सांगा. सत्तावीस ज्योतिष्यांनीं उत्तरें धाडलीं. सर्वांत उत्तम ठरलेल्याचीं चाळिसांत चोवीस बरोबर आलीं. एका संस्थेनें दोनशेंच्या दोनशें तपासल्या, १०२ बरोबर. नाणें उडविलें असतें तरी शंभर आलींच असतीं! हा सर्व हिशेब २००९ मध्यें छापून प्रसिद्ध झाला आहे. दाभोळकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यास खून झाला. अडीच महिन्यांनीं मंगळयान सुटलें.

जोतीरावांच्या समाजानें पहिलें लग्न भटावांचून लावलें तें २५ डिसेंबर १८७३ ला. तेव्हां मुहूर्तावांचून लग्न म्हणजे अनर्थ होईल अशी भीति घालीत. सत्यशोधक लग्नें तेव्हांपासून लागत आलीं आहेत. ज्यांनीं पत्रिका पाहिल्या नाहींत त्यांचे संसार इतरांसारखेच झाले, कांहीं गोड, कांहीं भांडणाचे.

मुलाचें व्यसन, कर्ज, प्रकृति, रक्ताची तपासणी, मुलीला विचारलें कीं नाहीं, हें पाहावयाचें सोडून आपण दहा कोटि किलोमीटरांवरच्या गंजक्या दगडाकडे बोट दाखवितों. त्या दगडावर मच्छरसुद्धां जगत नाहीं.

१९ फेब्रुवारी २०२७ रोजीं, शिवजयंतीच्या दिवशीं, मंगळ बरोबर सूर्यासमोर येतो. दिवस मावळला कीं तो पूर्वेला उगवेल आणि रात्रभर दिसेल. सिंह राशींत मघाच्या ताऱ्यापाशीं लाल, न लुकलुकणारा ठिपका शोधा. मंगळ आहे म्हणून जिच्या घरून पाहुणे उठून गेले असतील त्या पोरीला घेऊन अंगणांत या आणि तिला तो दाखवा. चांगली दुर्बीण मिळाली तर त्याच्या ध्रुवावरचा बर्फहि पांढऱ्या टिंबासारखा दिसेल.