दुसरी किल्ली कोणापाशी?



भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांची हयात गेली, त्यांना एकाच मोठ्या कारखान्याच्या ऑर्डरीवर चालणाऱ्या शेडची गत निराळी समजावून सांगण्याचे कारण नाही. ‘कू’ या भारतीय समाजमाध्यमावर मराठीतून लिहिणाऱ्यांच्या वाट्याला जुलै 2024 मध्ये तीच गत आली. विक्रीच्या वाटाघाटी फिसकटल्या, चालकांनी सेवा बंद करण्याचे जाहीर केले, आणि लक्षावधी माणसांचे लेखन व गोतावळा एकाच निर्णयाने निकालात निघाला.

याच्या उलट प्रकृतीची व्यवस्था म्हणजे 2016 साली जर्मनीत जन्मलेले मॅस्टोडॉन. येथे हजारो लहानमोठे सर्व्हर, ज्यांतील कित्येक कोणीतरी हौशी माणूस पदरमोड करून चालवतो, ‘ॲक्टिव्हिटीपब’ नावाच्या सामाईक नियमावलीने परस्परांशी निरोपांची देवघेव करतात. त्यामुळे एकाच्या सर्व्हरवरील मजकूर दुसऱ्याच्या सर्व्हरवरील वाचकास आपले बिऱ्हाड न हलवता वाचता येतो. 2019 च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद करण्यात आले, तेव्हा निषेध म्हणून आपल्याकडील पुष्कळ मंडळी इकडे वळली. त्यांतील बरीचशी लवकरच परत गेली, हेही नमूद केले पाहिजे.

या जाळ्याला मरण नाही, असे त्याचे पुरस्कर्ते म्हणतात व ते खोटे नाही. मे 2023 मध्ये ‘मॅस्टोडॉन डॉट लोल’ हा सर्व्हर त्याच्या चालकाने त्रासून बंद केला. बाकीचे जाळे विनातक्रार चालू राहिले. परंतु ज्याचे खाते त्याच सर्व्हरवर होते, त्याला जाळे शाबूत राहिल्याचे समाधान कितपत पुरावे? अनुयायांना नव्या पत्त्यावर नेता येते, तेही जुना सर्व्हर जिवंत असेतोवर. जुने लेखन मात्र मागेच राहते. फेब्रुवारी 2024 मध्ये एका सर्व्हरचा पत्ता अफगाणिस्तानच्या ‘एएफ’ या प्रत्ययाखाली नोंदलेला असल्याने तालिबानच्या अमलाखालील दप्तराने तो रद्द केला, आणि सर्व्हर परदेशी सुखरूप असूनही त्याचे नाव नाहीसे झाले.

आपल्या निगडी-आकुर्डीतील एखाद्या उत्साही अभियंत्याने असा सर्व्हर चालवण्याचा उद्योग आरंभला असे समजा. यंत्र घरी ठेवावे तर गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाणार. परदेशी भाड्याने घ्यावे तर कार्डावरील मासिक देयकाचा भरवसा नाही. 1 ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेचे आपोआप वजावटीचे नवे नियम अमलात आले, तेव्हा अशी कितीतरी परदेशी देयके परत फिरली होती. त्यात इतर सर्व्हरांवरून येणाऱ्या चित्रांच्या प्रती साठत जाऊन डिस्क भरते. रात्री कोणी कोणाविरुद्ध शिवीगाळीची तक्रार नोंदवतो, आणि सकाळी चाकणच्या पहिल्या पाळीची बस पकडण्यापूर्वी या गृहस्थाने कोतवाल, न्यायाधीश व झाडूवाला या तिन्ही नात्यांनी तिचा निकाल लावायचा असतो. पगार अर्थातच कोणत्याही नात्याचा नाही.

माझ्या मते या व्यवस्थेचे मर्मस्थान यंत्रात नसून तिच्या एकाकी कारभाऱ्यात आहे. तो आजारी पडला, कंटाळला, की सर्व्हर बुडालाच. मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत नाव लागण्यासाठी सर्व्हरचालकाकडून जो करार मागितला जातो, त्यातील तीन अटी म्हणूनच मला साऱ्या तांत्रिक चातुर्याहून मोलाच्या वाटतात: रोजचा बॅकअप, अडचणीच्या वेळी ताबा घेऊ शकणारी निदान एक दुसरी व्यक्ती, आणि बंद करण्यापूर्वी किमान 3 महिन्यांची मुदत. खुद्द संस्थापक ऑयगेन रोखको यांच्याकडील मालकी ना-नफा संस्थेच्या स्वाधीन करण्याचा बेतही जानेवारी 2025 मध्ये जाहीर झाला.

आपल्यापैकी कोणी असा सर्व्हर उभारणार असेल, तर दुसरी किल्ली कोणाच्या हवाली केली आहे, हे त्याने पहिल्याच पानावर लिहावे. आणि सभासद होणाऱ्यांनीही ते विचारून घ्यावे, व महिन्याची वर्गणी वेळेवर भरावी.