तंबोरा कोणी केला, तेही लिहा



‘डिजिटल युगात रेकॉर्ड कंपन्यांचे भवितव्य’ हा आपल्या परिषदेचा विषय ठरला, तेव्हा याचा मिरजेशी संबंध काय, असे काही जणांनी मला विचारले. संबंध आहे, तो सांगणारच आहे. पण पाहुणे दारात आल्यावर आधी घर दाखवायची आमच्याकडे रीत आहे.

आमचे हे जंक्शन. ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही रूळ एकेकाळी याच स्टेशनात येऊन मिळत. २०१६च्या दुष्काळात लातूरची तहान भागवायला पाण्याची गाडी निघाली तीही येथूनच. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४मध्ये येथे रुग्णालय उघडले आणि तेव्हापासून कर्नाटक-कोकणातला पेशंट मिरजेची वाट चालू लागला. दारूकामात डोळ्यांना इजा झालेला कुरुंदवाडचा एक मुलगाही उपचारांसाठी येथेच आला आणि पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकू लागला. ते विष्णु दिगंबर पलुस्कर. १९०१मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणाऱ्या पलुस्करांचा पाया मिरजेत घातला गेला. बालगंधर्वांनी किर्लोस्कर मंडळीत शकुंतला म्हणून पहिले पाऊल टाकले तेही १९०५ साली, आमच्याच गावात.

ही नावे आपल्याला ठाऊक आहेत. मला बोलायचे आहे ते फरीदसाहेब सतारमेकर यांच्याविषयी.

हे घराणे मूळचे शिकलगारांचे. तलवारी-भाल्यांना पाणी देणे, धार लावणे हा धंदा. इंग्रजी अंमल आला, हत्यारांची मागणी सरली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेबांनी आपले कसबी हात वाद्यांकडे वळवले. गवयांचे तंबोरे दुरुस्त करता करता ते तंबोरे घडवू लागले, पटवर्धन संस्थानिकांनी आश्रय दिला आणि एका घराच्या कामातून अख्खी सतारमेकर गल्ली उभी राहिली. उत्तरेतल्या मोठमोठ्या गवयांच्या मांडीवर मिरजेचा तंबोरा दिसतो तो या माणसामुळे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा मला पहिली आठवण त्यांची झाली. गावाबाहेर त्यांचे नाव किती जणांना माहीत आहे?

या गल्लीत एकदा शांतपणे बसून पाहा. भोपळा येतो सोलापूर-पंढरपूरकडच्या शेतांतून. कडू भोपळा, वेलीवरच वाळवलेला. त्याला दांडी जोडायची, तबली बसवायची, खुंट्या घालायच्या. ही सगळी कामे अवघड, पण खरी परीक्षा जवारीची. कारागीर घोडीचा माथा कानशीने किंचित घासतो, तार चढवतो, छेडतो, मान तिरकी करून ऐकतो, पुन्हा तार उतरवतो, पुन्हा घासतो. कानशीचा एक हात जास्त पडला तर नाद बसका होतो. तारेखाली सुती दोरा केसभर सरकवला की सूर एकदम फुलून येतो. या कामाला कोणतेही माप नाही, कानावर सगळे चालते.

आणि मग थोर गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ. ते स्वतः वाद्यदुरुस्तीत निष्णात होते, ही गोष्ट आम्हा मिरजकरांना विशेष प्रिय. १९३७मध्ये मद्रासहून पाँडिचेरीकडे प्रवासात असताना ते गेले, पण विसावले ते येथे, मीरासाहेबांच्या दर्ग्यात. दर्ग्याच्या आवारात चिंचेखाली आजही उरुसाला गवई हजेरी लावतात. खाँसाहेबांचे गाणे आमच्या पिढीने ऐकले ते तबकड्यांवर. तीन-सव्वातीन मिनिटांची एक बाजू, पण तेवढ्यात राग उभा. त्या तबकड्या काढणाऱ्या कंपन्यांचे आपण ऋणीच आहोत.

आता विषयाकडे येतो. १९०२मध्ये कलकत्त्यात गौहरजान यांचे ध्वनिमुद्रण झाले, तेव्हा तबकड्या दाबायला जर्मनीत जात. गाणे कोणाचे हे तिथल्या माणसांना कळावे म्हणून गायिका शेवटी स्वतःचे नाव सांगे. तबकडीच्या मधल्या गोल कागदावर नाव आणि राग येत. कॅसेटच्या वेष्टनावर तबल्याची, पेटीची साथ कोणाची हेही छापले जाऊ लागले. आज मोबाइलवर गाणे लावावे, तर बहुतेक वेळा शीर्षक आणि एक नाव, बस्स. कागद लागत नाही, छपाई लागत नाही, जागेची तोशीस नाही, तरी नावे गळाली.

तबकड्या दाबणे, दुकानोदुकानी माल पोचवणे ही कंपन्यांची जुनी कामे संपली. मिरजेतला मुलगाही आज घरबसल्या आपले गाणे जगभर पोचवतो. मग कंपनी कशाला हवी? माझे मत असे, की मूळ मुद्रण जपायला, प्रत्येकाचे नाव नोंदवायला आणि त्या नावापर्यंत पैसा पोचवायला. २०१२च्या कॉपीराइट दुरुस्ती कायद्याने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क पक्का केला, पण नोंद नीट नसेल तर वाटप कसे होणार? ध्वनिमुद्रणावरचा हक्क साठ वर्षांनी संपतो, जपणूक मात्र तिथे संपता कामा नये. आणि जिथे गायक, वादक, ध्वनिमुद्रक यांच्या नोंदी भरता, तिथे वाद्यकाराचाही एक रकाना ठेवा, ही फरीदसाहेबांच्या गावची विनंती आपण ठरावात घ्यावी.

व्यवस्थेबद्दल मात्र मनापासून क्षमा मागतो. आमच्याकडचे लॉज बारा महिने पेशंटच्या नातेवाइकांनी भरलेले असतात. त्यांना उठवणे आमच्या मनाला पटले नाही. म्हणून काही प्रतिनिधींची सोय मंगल कार्यालयात, काहींची सांगलीत करावी लागली. पहाटेच्या गाडीने आलेल्यांना स्टेशनवर रिक्षासाठी थांबावे लागले, त्यांचीही क्षमा असावी. काल रात्री वीज गेल्याने गरम पाणी वेळेवर मिळाले नाही. आज जनरेटर आणला आहे. ज्येष्ठांना जिना चढावा लागू नये म्हणून त्यांच्या खोल्या आज दुपारनंतर तळमजल्यावर हलवत आहोत.

हे कार्य पार पडते आहे ते दात्यांमुळे. कार्यालयाच्या मालकांनी भाडे नाकारून फक्त वीजबिल घेतले. हळदीच्या अडत्यांनी जेवणाचा भार उचलला, डॉक्टर मंडळींनी निधीबरोबर चोवीस तास सेवाही दिली. कृष्णाकाठची वांगी शेतकऱ्यांनी आपण होऊन पाठवली. दर्ग्याच्या विश्वस्तांनी आणि सतारमेकर गल्लीने आपली दारे उघडी ठेवली आहेत. पाणी वाटणाऱ्या, सतरंज्या घालणाऱ्या कॉलेजच्या मुलामुलींचे आभार कोणत्या शब्दांत मानू?

जेवणाची कुपने नोंदणीच्या टेबलावर मिळतील. चार वाजता बस दारातून सतारमेकर गल्लीकडे निघेल. कारागीर आपापल्या दुकानांत थांबणार आहेत, तेव्हा कृपया वेळेवर यावे. आता मी परिषदाध्यक्षांना आसन ग्रहण करण्याची विनंती करतो.