शेजारच्या शाळांचें एक कॉलेज
(महोत्सवानिमित्त भरलेल्या पालकसभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



आपल्या शाळेस अकरावी-बारावीचे वर्ग जोडून धर्मग्रामाचा हा महोत्सव संस्मरणीय करावा, अशी आपणांपैकीं अनेकांची इच्छा आहे. इच्छा स्तुत्य आहे. परंतु शेजारच्या धर्मग्रामांतहि हाच विचार चालू आहे. म्हणून निर्णयापूर्वीं, अशाच प्रसंगीं इंग्लंडांतील कॅथलिकांनीं काय केलें, तें आज आपणांपुढें मांडतों.

इंग्लंडांत माध्यमिक शाळेच्या इयत्तांस पूर्वीं 'फॉर्म' म्हणत. पांचवा फॉर्म संपला कीं बहुतेक मुलें शाळा सोडीत. ज्यांस विद्यापीठांत जावयाचें असे, तीं आणखी दोन वर्षें सहाव्या फॉर्मांत राहत. सोळा ते अठरा ह्या वयाचा हा टप्पा होय. विद्यार्थी सामान्यतः तीनच विषय घेतो, पण ते खोलवर शिकतो, व अखेर 'ए लेव्हल' ही परीक्षा देतो.

अडचण येथेंच उत्पन्न होते. समजा, शेजारच्या तीन शाळांत पदार्थविज्ञान घेणारे अनुक्रमें तीन, चार व पांच विद्यार्थी आहेत. त्यांस तीन शिक्षक पाहिजेत, तीन प्रयोगशाळा पाहिजेत. आणि एखाद्या मुलीस गणिताबरोबर संगीत व फ्रेंच शिकावयाचें असेल, तर तिची सोय एकाहि शाळेंत होणें कठीण. हींच मुलें एका छपराखालीं आणिलीं, तर बारा जणांचा एक चांगला वर्ग होतो, आणि वांचलेल्या पैशांतून संगीताचा शिक्षकहि ठेवितां येतो. सिक्स्थ फॉर्म कॉलेजाचें तत्त्व तें हेंच. १९६५ सालीं तेथील सरकारनें स्थानिक शिक्षणाधिकाऱ्यांस जें परिपत्रक धाडिलें, त्यांत हाहि एक मार्ग सुचविला होता. १९६६ सालीं ल्यूटन येथें असें कॉलेज सुरू झालें, आणि पुढें ही पद्धति अनेक शहरांत रुजली.

आतां लँकाशायर परगण्यांतील प्रेस्टन शहराकडे वळूं. प्रेस्टन म्हणजे 'पुरोहितांचें गांव'. धर्मछळाच्या काळांतहि ह्या भागांतील पुष्कळ कुटुंबांनीं कॅथलिक श्रद्धा सोडिली नाहीं. तेथील संत इग्नेशियसचें जुनें चर्च २०१६ सालापासून सीरो-मलबार कॅथलिकांचें कॅथेड्रल असून, केरळांतील धर्मभगिनी संत अल्फोन्सा ह्यांचें नांव त्यास दिलेलें आहे.

ह्या शहरांत कॅथलिकांच्या तीन नामांकित शाळा होत्या. येशूसंघीयांनीं १८६५ सालीं मुलांकरितां काढलेलें प्रेस्टन कॅथलिक कॉलेज ही एक. विंक्ली स्क्वेअर येथील होली चाइल्ड संघाच्या धर्मभगिनींची मुलींची शाळा ही दुसरी. आणि लार्क हिल येथील फेथफुल कंपॅनिअन्स ऑफ जीझस ह्या संघाच्या भगिनींची मुलींची शाळा ही तिसरी. १९७८ सालीं ह्या तिहींचें मिळून एक कॉलेज झालें. तें आज लार्क हिल येथेंच आहे.

बंधुभगिनींनो, येशूसंघीयांच्या शाळेस तेव्हां एकशें तेरा वर्षें झालीं होतीं. प्रत्येक शाळेचे माजी विद्यार्थी होते, परंपरा होत्या, अभिमान होता. तरीहि नव्या संस्थेस ह्या तिहींपैकीं एकीचेंहि नांव दिलें नाहीं. नांव दिलें कार्डिनल न्यूमन ह्यांचें. न्यूमन हे ओरॅटरी संघाचे. ह्या तीन संघांपैकीं कोणत्याच संघाचे नव्हते. २०१९ सालीं पोप फ्रान्सिस ह्यांनीं त्यांस संतपद दिलें.

अशा योजनेंत केवळ लाभच असतो, असें मात्र कोणीं समजूं नये. शाळेंतून सोळा वर्षांचीं मुलें गेलीं, म्हणजे धाकट्यांस वळण लावणारीं थोरलीं भावंडेंच गेलीं. गायनवृंदांतील भारदस्त आवाज जातात, खेळांतले पुढारी जातात. वरच्या वर्गांस शिकविण्याची हौस असलेला शिक्षकहि त्यांच्या मागें जाऊं पाहतो. लाभ विद्यार्थ्यास होतो, आणि झीज शाळेस सोसावी लागते. म्हणूनच असें कॉलेज केवळ हिशेबानें उभें राहत नाहीं. त्यास त्याग लागतो.

आपला प्रश्नहि नेमका हाच आहे. तीन धर्मग्रामांनीं तीन अपुऱ्या प्रयोगशाळा बांधून आपापल्या नांवाच्या पाट्या लावाव्या, कीं तिघांनीं मिळून एक सुसज्ज विद्यालय उभारावें? पाटी आपली नसेल. कदाचित् इमारतहि आपल्या आवारांत नसेल. मुलांस दूर जावें लागेल, विशेषतः मुलींच्या प्रवासाची चिंता पालकांस वाटेल. तिचा विचार आधीं झालाच पाहिजे. परंतु गरीब घरांतील हुशार मुलीस हवा तो विषय गांवाजवळ मिळत नाहीं, म्हणून तिचें शिक्षण थांबूं नये, ही गोष्ट आपल्या पाटीहून मोठी आहे.

माझी विनंति इतकीच आहे कीं, वर्गणीची यादी फिरविण्यापूर्वीं आपल्या शाळासमितीनें शेजारच्या दोन्ही शाळासमित्यांस भेटावें. प्रभूनें सांगितलेला गव्हाचा दाणा आपणां सर्वांस ठाऊक आहे. तो भूमींत पडून मेला नाहीं, तर एकटाच राहतो. पवित्र आत्मा आपणांस सुबुद्धि देवो, आणि आपल्या मुलांचें कल्याण करो.