एकट्याचा खेळ आणि बाजार



आजचा विषय फलकावर वाचून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. नागनाथाच्या गावी येऊन व्हिडिओ गेमवर बोलावयाचे, हे आम्हांलाही प्रथम चमत्कारिकच वाटले. परंतु गेल्या दिवाळीत आमच्या ओळखीच्या एका शेतकरी गृहस्थांनी आम्हांस गाठून विचारले, "गुरुजी, पोरगं म्हणतंय पुण्याला जाऊन गेम बनवायचं शिकतो. दोन एकर विकावं लागंल. चांगला गेम बनवला तर खपंल का नाही?" खपेल, हा शब्द काही केल्या आमच्या तोंडून निघेना. तो का निघेना, एवढेच आज सांगावयाचे आहे.

खेळ दोन जातींचे असतात. एक चार सवंगड्यांनी मिळून खेळावयाचा. दुसरा एकट्याने, कादंबरी वाचावी तसा आरंभापासून शेवटपर्यंत अनुभवावयाचा. आमचा प्रश्न या दुसऱ्या जातीचा आहे.

उदाहरण आपल्या पुण्याचेच घेऊ. तेथील 'नॉडिंग हेड्स गेम्स' या लहानशा संस्थेने २०२० साली 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' हा खेळ बाहेर काढला. कसरतीचे खेळ करणारी राजी ही पोर. तिचा भाऊ गोलू असुरांनी पळविलेला. त्याच्या शोधात ती निघते आणि तिची कथा दुर्गा व विष्णू यांच्या संभाषणातून उलगडत जाते. महालांना राजस्थानी वळण, रंगांत पहाडी लघुचित्रांची छटा, आणि मधले प्रसंग छायाबाहुल्यांच्या खेळासारखे मांडलेले. या खेळासाठी २०१७ साली लोकवर्गणीचे आवाहन झाले होते. ठरविलेली रक्कम जमली नाही. काम थांबू नये म्हणून भागीदारांपैकी एकाने घर विकले.

पुढे २०२० च्या डिसेंबरात 'द गेम अवॉर्ड्स' या जागतिक समारंभात नवोदितांच्या पारितोषिकासाठी 'राजी'चे नाव पुकारले गेले. पारितोषिक मात्र मिळाले 'फॅस्मोफोबिया'ला. इंग्लंडातील एका गृहस्थाने बव्हंशी एकहाती रचलेला हा खेळ. चार जणांनी एका पछाडलेल्या घरात शिरून भुताचा माग काढावयाचा! देखणेपणात तो 'राजी'च्या पासंगालाही पुरत नाही. पण त्याची मेख पाहा. ज्याने तो घेतला, त्याला एकट्याला करमेना. त्याने तिघा मित्रांना घ्यावयास लावले. म्हणजे जो गिऱ्हाईक, तोच अडत्या, आणि तोही दलालीवाचून राबणारा! शिवाय त्या चौघांची घाबरगुंडी यूट्यूबवर पाहणाऱ्यालाही वाटते, आपणही एकदा शिरून पाहावे. कथेच्या खेळाचे उलट होते. दुसऱ्याला खेळताना शेवटपर्यंत पाहिले, की कथा कळली. मग पैसे कशाला मोडा? जी गोष्ट त्या खेळाचे वैभव, तीच अशी फुकट वाटली जाते.

दुसरी अडचण पैशाची. एकट्याच्या खेळाची किंमत बहुधा आधी मोजावी लागते, आणि गोडी मागाहून कळते. 'राजी' पाच-सहा तासांत संपतो. इतक्या रकमेत इतकेच का, असे गिऱ्हाईक मनात मोजते. तिकडे नवी मुंबईत घडलेला 'लुडो किंग' फोनवर फुकट मिळतो, जाहिरातींवर आणि आतल्या किरकोळ खरेदीवर चालतो. २०२० च्या टाळेबंदीत घरोघर त्याचे फासे पडत होते. त्याला आम्ही नावे ठेवणार नाही. आम्हीही त्यात पुष्कळ वेळा हरलो आहोत.

आपल्या देवळाच्या भिंतींवर ज्यांनी हत्ती कोरले, त्यांची मजुरी दर्शनाला किती माणसे येतील यावर ठरत नव्हती. यादवकाळचा पाथरवट राजाश्रयावर जगत असे. आजच्या खेळकर्त्याला तीन-चार वर्षे पदरचे खावे लागते, आणि निकाल पुष्कळदा पहिल्या काही आठवड्यांतच लागतो. 'स्टीम' या एका दुकानात २०२४ सालात अठरा हजारांच्या वर नवे खेळ आले. त्या गर्दीत चांगल्याची हाक कोणाच्या कानी जावी? जपानात २००६ साली 'ओकामी' निघाला, जणू कुंचल्याने रंगविलेला. जाणत्यांनी डोक्यावर घेतला, परंतु खप बेताचा झाला, आणि तो घडविणारी 'क्लोव्हर स्टुडिओ' ही संस्था २००७ साली बंद झाली. नंतर तोच खेळ नव्या यंत्रांवर पुनःपुन्हा निघाला. कारखाना मात्र परत उघडला नाही.

यावरून एकट्याच्या खेळाला गिऱ्हाईकच नाही, असे कोणी समजू नये. चीनमध्ये २०२४ साली 'ब्लॅक मिथ : वूकाँग' आला, त्यांच्या जुन्या कथेतील वानरवीराचा खेळ, तोही एकट्याचाच. तीन दिवसांत एक कोटी प्रती खपल्या. त्याच्यामागे भांडवल दांडगे होते, हे खरे. पण आपल्या वानराचा खेळ रोख पैसे मोजून घेणारे घरचे गिऱ्हाईकही तेथे उभे होते. पुण्याच्या राजीला घरी असे किती भेटावेत? आपल्याकडे खेळ म्हणजे फोन, आणि फोनवरचे म्हणजे फुकट, असे समीकरण बसून गेले आहे.

आम्ही त्या गृहस्थांना म्हटले, "पोराला शिकू द्या, पण जमीन विकू नका. आधी कोणाच्या तरी पगारावर हात बसू द्या. पहिला खेळ लहान करू द्या. बुडाला तरी पोर बुडता कामा नये." त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि विचारले, "अन् त्यानं बनवला, तर तुम्ही इकत घ्याल का?"

आम्ही हो म्हणालो खरे. परंतु खोटे कशाला बोला, 'राजी' आम्ही तोवर भाच्याच्या फोनवर, यूट्यूबवरच, शेवटपर्यंत पाहिला होता. त्या संध्याकाळी भाच्याला पैसे देऊन तो रीतसर विकत घेवविला. पहिल्याच पुलावर आमची राजी तीनदा मेली.