बौद्ध विचार : धर्म, दर्शन की विज्ञान?



बौद्ध विचाराला धर्म म्हणावे, दर्शन म्हणावे, की विज्ञानाशी मेळ असणारी जीवनपद्धती म्हणावे, हा प्रश्न नांदेड-लातूरच्या परिसरात केवळ ग्रंथालयापुरता उरलेला नाही. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ६५ लाखांहून अधिक बौद्ध आहेत. जैनांची संख्या १४ लाख आहे. एकाच बाजारपेठेत, एकाच शाळेत हे दोन समाज नित्य भेटतात. विष्णुपुरीच्या विद्यापीठात शिकणारी जैन मुले घरी येऊन विचारतात, "बुद्धाने तर ईश्वर मानला नाही, मग तो धर्म कसा?" ज्या घरातून हा प्रश्न येतो, त्या घराचा धर्मही सृष्टिकर्ता ईश्वर मानत नाही, हे त्या क्षणी वडीलधाऱ्यांच्याही लक्षात येत नाही.

प्रश्नाचा आरंभ याच गोदावरीच्या काठावरून करता येतो. सुत्तनिपात या प्राचीन पाली ग्रंथाच्या पारायणवग्गात बावरी नावाच्या वृद्ध ब्राह्मणाची कथा आहे. कोसल देश सोडून तो दक्षिणापथास आला आणि अश्मकाच्या प्रदेशात गोदावरीच्या तीरी राहिला. अश्मकाची राजधानी पोतन म्हणजे आजचे बोधन, असे अनेक अभ्यासक मानतात. बोधन नांदेडपासून फार दूर नाही. अर्धापूर तालुक्यातील दाभडच्या महाविहाराच्या परिसरास बावरीनगर हे नाव मिळाले ते याच स्मृतीने. बावरीने यज्ञात सर्वस्व दान केले. त्यानंतर आलेल्या एका याचकाने पाचशे नाणी मागितली. ती नाहीत असे कळताच, "सातव्या दिवशी तुझ्या मस्तकाची सात शकले होतील," असा शाप त्याने दिला. बावरीने भयाने अन्न सोडले आणि शेवटी आपले सोळा शिष्य प्रतिष्ठान, माहिष्मती, उज्जयिनी या मार्गाने बुद्धाकडे पाठविले. बुद्धाने दिलेले उत्तर असे : मस्तक म्हणजे अविद्या, आणि श्रद्धा, स्मृती, समाधी, संकल्प व वीर्य यांच्या साहाय्याने ते मस्तक फोडते ती विद्या. शापाचे भय तिथेच गळून पडले. अंधश्रद्धेचे बोधात असे रूपांतर आधुनिक बुद्धिवाद्यालाही मोहात पाडील.

मात्र कथा अर्धी सांगून चालणार नाही. त्याच कथेत बावरीला मार्ग दाखविणारी देवता आहे, महापुरुषाची बत्तीस लक्षणे आहेत, आणि शिष्याने केवळ मनात आणलेला प्रश्न ओळखून बुद्ध उत्तर देतो. ज्याला निव्वळ बुद्धिवाद हवा, त्याला या अडीच हजार वर्षांच्या परंपरेवर कात्री चालवावी लागते. ज्याला निव्वळ चमत्कार हवा, त्याच्या हातून कथेचे सारच निसटते.

दर्शनाच्या बाजूने पाहावे तर प्रकरण अधिक रंजक होते. मज्झिमनिकायात मालुंक्यपुत्त नावाचा भिक्षू बुद्धाला विचारतो की लोक शाश्वत की अशाश्वत, सान्त की अनंत, जीव व शरीर एक की भिन्न? उत्तर मिळाले नाही तर संघ सोडण्याची त्याची तयारी आहे. बुद्ध त्याला विषारी बाण लागलेल्या माणसाचा दृष्टान्त देतो. बाण कोणी मारला, त्याची जात कोणती, धनुष्य कशाचे होते, हे कळल्याखेरीज बाण काढू देणार नाही, असे म्हणणारा माणूस उत्तर मिळण्यापूर्वीच मरेल. हे प्रश्न 'अव्याकृत' ठेवले गेले.

जैन श्रोत्यांना येथे भगवतीसूत्रातील स्कंदक परिव्राजकाचे स्मरण व्हावे. तोही हेच प्रश्न घेऊन भगवान महावीरांकडे आला. महावीरांनी मौन पाळले नाही. लोक द्रव्यदृष्ट्या सान्त, क्षेत्रदृष्ट्या सान्त, कालदृष्ट्या अनंत आणि भावदृष्ट्या अनंत, असे चार बाजूंनी उत्तर त्यांनी दिले. एकाच शतकात, एकाच प्रदेशात, एकाच प्रश्नाला दोन श्रमणांनी दिलेले हे दोन प्रतिसाद आहेत. एकाने प्रश्नच दुःखमुक्तीला निरुपयोगी ठरविला. दुसऱ्याने प्रश्नातील संदिग्धता उलगडली आणि अनेकान्ताचा मार्ग मोकळा केला. यांत श्रेष्ठ कोण याचा निवाडा करण्याची घाई नको. इतके मात्र खरे की, ज्याने तत्त्वचर्चेची दारे जाणीवपूर्वक मिटली, त्याच्या उपदेशाला केवळ 'दर्शन' म्हणणे अपुरे आहे. जरी पुढे नागार्जुन, धर्मकीर्ती यांनी त्याच भूमीवर दर्शनाचे प्रचंड प्रासाद उभारले.

आता विज्ञान. कालामसुत्तात केसपुत्तच्या कालामांना बुद्ध सांगतो की ऐकीव गोष्ट, परंपरा, ग्रंथप्रामाण्य किंवा गुरूविषयीचा आदर एवढ्यावरून काही मानू नका. हा उपदेश थोर आहे. पण त्यातील कसोटी प्रयोगशाळेची नाही. लोभ, द्वेष व मोह यांनी हित होते की अहित, हे स्वतः जाणून घ्या, अशी ती आचरणाची कसोटी आहे. कर्मफल व पुनर्जन्म या कल्पना बौद्ध परंपरेत सर्वत्र आहेत आणि त्यांचा प्रयोग कोणालाही मांडता आलेला नाही. आइन्स्टाइनच्या नावाने बौद्ध धर्माची स्तुती करणारे एक वाक्य सर्वत्र फिरते. ते त्याचे असल्याचा पुरावा नाही. १९३० च्या एका लेखात त्याने बौद्ध विचारातील वैश्विक धर्मभावनेचा गौरव केला आहे, तेवढेच खरे.

आणि हा मोह केवळ शेजाऱ्यांचा नाही. वनस्पतीत जीव आहे हे जगदीशचंद्र बसूंनी सिद्ध केले, असे जैन व्यासपीठांवरून किती वेळा सांगितले जाते! बसूंनी वनस्पतींचे उद्दीपनांना मिळणारे प्रतिसाद मोजले. एकेंद्रिय जीव त्यांनी मोजला नाही. विज्ञान आपले निष्कर्ष बदलत राहते. त्याच्या खांद्यावर सिद्धान्ताचा भार ठेवला, तर तो खांदा हलला की सिद्धान्तही डळमळतो.

या सर्व चर्चेला महाराष्ट्रात वेगळेच वळण दिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे लक्षावधी अनुयायांसह त्यांनी दीक्षा घेतली. १९५७ मध्ये, त्यांच्या निर्वाणानंतर, 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. 'रिलिजन' आणि 'धम्म' हे एक नव्हेत, असे त्यांनी त्यात स्पष्ट मांडले. रिलिजन वैयक्तिक असतो व जगाची उत्पत्ती सांगू पाहतो. धम्म सामाजिक असतो व जगाची पुनर्रचना करू पाहतो. सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण त्यांनी वृद्ध, रोगी व प्रेत यांच्या दर्शनात न पाहता रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात झालेल्या कलहात पाहिले. धरणाच्या काठी राहणाऱ्यांना हे कारण समजावून सांगावे लागत नाही. आत्म्याच्या संक्रमणाविना पुनर्जन्माचा अर्थही त्यांनी नव्याने लावला. परंपरेतील काही अभ्यासकांना हे अर्थ रुचले नाहीत. परंतु अस्पृश्यता सोसलेल्या माणसाला माणूसपण परत देईल असे अधिष्ठान बाबासाहेबांना हवे होते, आणि नुसते दर्शन किंवा नुसते विज्ञान ते देऊ शकत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

मराठवाड्याने याची किंमत पाहिली आहे. जुलै १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि नांदेड जिल्ह्यासह अनेक ठिकाणी दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी, आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. विष्णुपुरीतील त्या परिसरात बौद्ध विचार धर्म आहे की नाही यावर चर्चासत्र घेणे सोपे आहे. ज्याचे घर जळाले, त्याच्यासाठी तो चर्चेचा विषय नव्हता.

या प्रश्नाशी जैन समाजाचे जवळचे नाते दाखविणारा अभ्यासक म्हणजे आचार्य धर्मानंद कोसंबी. १८७६ मध्ये गोव्यातील साखवाळ येथे जन्मलेल्या या माणसाने बुद्धाच्या शोधात घर सोडले, सिंहलद्वीपी पाली शिकली आणि बौद्ध वाङ्मय मराठीत आणले. त्यांच्या काही विधानांवरून, विशेषतः मांसाहाराच्या चर्चेवरून, जैन समाजात मोठा क्षोभ झाला होता, हेही नाकारण्याचे कारण नाही. परंतु याच कोसंबींनी 'पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म' हा ग्रंथ लिहिला. वप्प नावाचा शाक्य निर्ग्रंथांचा श्रावक होता असा उल्लेख अंगुत्तरनिकायात आहे, आणि तो बुद्धाचा चुलता होता असे अट्ठकथा सांगते. तेव्हा पार्श्वनाथांचा वारसा शाक्यांच्या घरापर्यंत पोहोचला होता आणि बुद्धाचा मार्ग त्याच भूमीतून वाढला, असा कोसंबींच्या मांडणीचा रोख आहे. ईश्वराविना, यज्ञाविना, अहिंसा, सत्य, अस्तेय व अपरिग्रह या चार यामांवर माणसाने समाज उभा करावा, यालाच ते धर्म म्हणत.

शरीर थकल्यावर कोसंबींनी अन्न सोडले आणि ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे देह ठेवला. आयुष्यभर बुद्धाचा अभ्यास केलेल्या माणसाने अखेरीस पार्श्वनाथांच्या परंपरेतील मार्ग स्वीकारला. 'पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म' वाचकांच्या हाती आला तो त्यानंतर दोन वर्षांनी.