‘कमरा खाली है’: पाटीवर न लिहिलेली अट



आज घरमालकांविषयी बोलायचं आहे, आणि थोडं घरमालकांच्या जागी उभं राहूनही. खोली रिकामी झाली तर ती लोकांना कळवायची कशी, हा साधा व्यवहाराचा प्रश्न आहे. त्यात जात कुठून येते? माझं म्हणणं असं की ती सुरुवातीलाच येते, जाहिरातीत. आपण मात्र ती नकारात शोधत बसतो.

बनारसमध्ये विद्यापीठाच्या आसपास लंका, नरिया, सुंदरपूर, छित्तूपूर या भागांतून पायी चाललात तर फाटकाफाटकावर पाट्या दिसतात. ‘कमरा खाली है’, ‘टू-लेट’, ‘केवल छात्राओं के लिए’, ‘केवल परिवार’, ‘शाकाहारी को वरीयता’. खाली मोबाइल नंबर. विजेच्या खांबावर चिकटवलेले कागद असतात, चहाच्या टपरीवाल्याला कोणाची खोली रिकामी आहे ते ठाऊक असतं, दलाल असतो, आता व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुपही आहेत. पाटीवर भाडं सहसा नसतं. किती खोल्या, पाणी किती वेळ येतं, विजेचा मीटर वेगळा आहे की नाही, यातलंही काही नसतं. भाडेकरूला जे जाणून घ्यायचं असतं ते पाटीवर नसतं, कारण पाटीचं काम तुम्हाला फोन करायला लावणं एवढंच. फोनवर मग माहिती देण्याऐवजी माहिती घेणं सुरू होतं.

पहिला प्रश्न नावाचा. दुसरा, ‘टाइटल क्या है?’ उत्तर प्रदेश-बिहारकडे आडनावाला टाइटल म्हणतात. इथे आपली मराठी मुलं एका गमतीशीर जागी सापडतात. कांबळे, वानखेडे, गायकवाड ही आडनावं बनारसच्या घरमालकाला उलगडत नाहीत. त्याच्या ओळखीचे मराठी लोक म्हणजे ब्रह्माघाट-दुर्गाघाटाकडचे, पिढ्यान्‌पिढ्या इथे स्थायिक झालेले ब्राह्मण. 1674 मध्ये शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट याच काशीचे. त्यामुळे ‘महाराष्ट्र से हैं’ म्हटलं की समोरचा आपल्याला स्वतःहून पंडित करून टाकतो. मला एका घरमालकाने फोनवर अर्धी खोली देऊनच टाकली होती. प्रत्यक्ष गेल्यावर ‘मराठी में आप लोग कौन होते हैं?’ असं विचारलं, मी सांगितलं. मग त्यांना आठवलं की गावाकडून भाचा येणार आहे. भाचा आला की नाही माहीत नाही, पाटी मात्र पुढे कितीतरी दिवस फाटकावर होती.

आता कोणी म्हणेल, समोरचा पंडित समजतोय तर समजू दे, खोली मिळाल्याशी मतलब. हा मोह आपल्यापैकी पुष्कळांना झालेला आहे, मी त्यांना नावं ठेवणार नाही. 1917 मध्ये कोलंबिया आणि लंडनला शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू झालेल्या बाबासाहेबांनाही राहायला जागा मिळाली ती एका पारशी वसतिगृहात, पारशी नाव लावून. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक दारात आले आणि त्यांना जागा सोडावी लागली. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये त्यांनी हे सगळं लिहून ठेवलं आहे. लपवून मिळालेल्या खोलीत माणूस राहतो कसा, हे त्यात वाचावं. रोज घरी येणाऱ्या पाहुण्याची, भिंतीवरच्या तसबिरीची, फोनवर बोलताना तोंडून निघणाऱ्या ‘जय भीम’ची भीती.

हे केवळ तुमच्या-माझ्या अनुभवावर उभं नाही. मूळचे अमरावती जिल्ह्यातले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये दिल्ली आणि भोवतालच्या शहरांत हे तपासून पाहिलं. 2015 मध्ये ते ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’त छापून आलं. जाहिराती पाहून घरमालकांना आणि दलालांना फोन करायचे, फरक फक्त नावाचा. जवळपास दर पाच दलितांपैकी दोघांना नकार मिळाला किंवा जादा अटी घातल्या गेल्या. मुस्लिमांची स्थिती याहून वाईट निघाली. जाहिरात सगळ्यांसाठी होती, घर सगळ्यांसाठी नव्हतं.

पण घरमालकाच्या खिशाकडेही पाहू. समजा खोलीचं भाडं 5000 रुपये आहे. वर्षाचे 60,000. ‘आपल्यातला’ माणूस मिळेपर्यंत खोली दोन महिने रिकामी ठेवली तर 10,000 गेले, म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाचा सहावा हिस्सा. प्रवेशाच्या दिवसांत ही किंमत त्याला मोजावी लागत नाही, कारण रांग लागलेली असते. गाळून गाळून घेतलं तरी खोली आठवड्यात भरते. तोच माणूस फेब्रुवारीत नरम झालेला मी पाहिला आहे. टाइटल विचारतो, पण उत्तर ऐकून घेत नाही. जातीचा आग्रह श्रद्धेचा असतो असं म्हणतात. तो हंगामानुसार बदलतो एवढं मला दिसलं.

कायद्याचं काय? आपल्यातल्या पदवीधरांनाही एक गोष्ट माहीत नसते. 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम 4 मध्ये कोणत्याही वस्तीत राहती जागा घेण्यास वा तिथे राहण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून अटकाव करणं हा गुन्हा ठरवला आहे. कलम 7 बोललेल्या, लिहिलेल्या शब्दांनी, खुणांनी वा दिसेल अशा रूपात अस्पृश्यतेला चिथावणी देण्याबद्दल आहे; फाटकावरची पाटी त्यातून सुटू नये. आणि कलम 12 असं की कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत असेल तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरून झालं असं न्यायालय गृहीत धरतं. तसं नव्हतं हे समोरच्याने सिद्ध करायचं. अडचण तरीही आहे. भाचा येणार आहे, हे वाक्य कुठल्या कलमात बसवणार? आणि मुस्लिमाला किंवा ओबीसीला या कायद्याचा काही उपयोग नाही.

अमेरिकेचं उदाहरण मला इथे उपयोगी वाटतं. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात, एप्रिल 1968 मध्ये, तिथे घरांबाबतच्या भेदभावाविरुद्धचा कायदा झाला. त्यात छोट्या घरमालकाला सूट दिली: चारपर्यंत बिऱ्हाडांच्या इमारतीत तो स्वतः राहत असेल तर भाडेकरू निवडण्याबाबतची या कायद्यातली बंधनं त्याला बहुतांशी लागू नाहीत. पण जाहिरातीला ही सूट नाही. वंश, रंग, धर्म पाहून भाडेकरू हवा असं त्यालाही लिहिता किंवा छापता येत नाही. म्हणजे जाहिरात ही घरमालकाची खासगी बाब नाही, ती रस्त्यावर उभी आहे, तिथून जाणाऱ्या प्रत्येकाशी ती बोलते. ‘शाकाहारी को वरीयता’ ही पाटी ज्याला खोली नको आहे त्यालाही रोज काहीतरी सांगत असते.

म्हणून ‘आम्ही पाटीच लावत नाही, ओळखीतूनच देतो’ असं सांगणाऱ्या सभ्य घरमालकाबद्दल मला जास्त शंका आहे. ओळख म्हणजे काय, तर नातेवाईक, शेजारी, देवळातले, कचेरीतले. त्यात आपला माणूस किती वेळा असतो? पाटीवर निदान नंबर तरी आहे, कोणीही फिरवू शकतो.

हे मी फक्त भाडेकरूंसाठी बोलत नाही. आपल्यातल्या कित्येकांच्या घरी आता कर्ज काढून वरचा मजला चढला आहे. औरंगाबादेत, नागपुरात, नांदेडात आपलेच वडील, आपलाच भाऊ खोल्या भाड्याने देतो. त्यांची पाटी काय म्हणते ते कधी वाचलंय? ‘फक्त नोकरदार फॅमिली’ म्हणजे काय? ‘बॅचलर नको’ म्हणताना गावाहून शिकायला आलेला कोण पोरगा बाहेर राहिला? ‘मुस्लिमांना देत नाही, बाकी कुणीही चालेल’ हे वाक्य मी बुद्धाची मूर्ती असलेल्या बैठकीत ऐकलं आहे.

माझ्या भावाने गेल्या पावसाळ्यात पाटी लिहायला घेतली तेव्हा आम्ही फोनवर बराच वाद घातला. शेवटी ठरलं ते असं: एक खोली, स्वयंपाकाचा ओटा, संडास-बाथरूम स्वतंत्र. भाडं आकडा लिहून. अनामत दोन महिन्यांची. पाणी सकाळी एक तास, विजेचा मीटर वेगळा. करार लेखी. ओळखपत्र कराराच्या दिवशी. भाडं परवडणाऱ्या कोणीही, सकाळी नऊ ते सायंकाळी सात या वेळेत येऊन पाहावं. जो आधी येऊन अनामत देईल त्याला खोली. यातलं शेवटचं वाक्य त्याला सगळ्यांत जड गेलं. ‘निदान बघू तरी दे कोण आहे ते,’ म्हणाला. मी म्हटलं, बघ ना, पण पावती फाडल्यावर.

आता तुमचं ऐकू. विशेषतः ज्यांच्या घरी पाटी लागलेली आहे, त्यांनी आधी बोलावं.